नाताळचं पत्र लिहायचं कुणी?



स्मृतिव्याख्यानाला विषय भारदस्त हवा, अशी आपल्याकडची जुनी समजूत. लोकशाहीचं भवितव्य, पाण्याचा प्रश्न, संतांची शिकवण. आजचा विषय त्या पंगतीत बसणारा नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर पुढची वीसएक वर्षं अमेरिकेतली साधी घरं नाताळच्या सुमारास लांबच्या नातेवाइकांना घरची खबरबात कशी कळवत होती, एवढाच तो विषय. म्हणजे कार्डं, पाकिटं, तिकिटं. आणि एकाच मजकुराच्या पाच-पन्नास प्रती काढून सगळ्या गोतावळ्याला धाडलेलं ते पत्र, ज्याची तिथे आजतागायत यथेच्छ टिंगल होत आली आहे.

टिंगल का होते ते पुढे येईलच. आधी एक प्रश्न. नाती टिकवायला कष्ट पडतात, हे सगळ्यांना मान्य असतं. भाषणात तर फारच मान्य असतं. पण ते कष्ट करतं कोण? पत्ते कोण शोधतं? कुणाच्या मुलीला मुलगा झाला आणि कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं, हे ध्यानात कोण ठेवतं? पाकिटाला ओठ लावून ते चिकटवतं कोण? आजच्या बोलण्याचा सगळा रोख या प्रश्नाकडे आहे. बाकीचा त्याचा पसारा.

तर पहिला मुद्दा असा, की माणसं लांब गेली.

युद्धाच्या काळात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकनांनी अंगावर गणवेश चढवला. मधल्या कुठल्याशा शेतकरी राज्यातला पोरगा कॅलिफोर्नियात कवायत शिकला, पॅसिफिकमध्ये लढला, परत आला आणि मग त्याचं मन शेतावर रमेना. सरकारने १९४४ च्या जूनमध्येच परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी आणि घरकर्जासाठी कायदा करून ठेवला होता. त्याला सगळे जी. आय. बिल म्हणतात. त्याच्या आधाराने सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. कॉलेजातून निघालेला माणूस नोकरी नेईल तिकडे जातो. हे आपल्या सभागृहातल्या निम्म्या आईबापांना वेगळं सांगायला नको. १९४० साली कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ६९ लाख होती, १९६० साली ती १ कोटी ५७ लाख झाली. ही सगळी माणसं तिथे जन्मली नव्हती. ती कुठून तरी निघून आली होती आणि जिथून निघाली तिथे कुणीतरी मागे राहिलं होतं.

त्या काळातल्या जनगणना खात्याच्या पाहणीप्रमाणे दर पाच अमेरिकनांतला एक जण दर वर्षी घर बदलत होता. यातले बरेचसे जवळच्या जवळच हलत, हे खरं. पण जवळ हललं तरी पत्ता बदलतोच. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उठली. बटाट्याच्या शेतांवर एकसारखी १७ हजारांहून अधिक घरं. तिथे आई-वडील होते आणि पोरं होती, आजी-आजोबा नव्हते. नाताळच्या जेवणाला ज्या टेबलाभोवती पूर्वी तीन पिढ्या बसायच्या, तिथे आता दोन बसू लागल्या. तिसरी पिढी टपालाने भेटू लागली.

आणि याच काळात दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजलिसकडे निघाली होती. १९४० ते १९७० या तीस वर्षांत सुमारे ५० लाख माणसं. त्यांचंही सणाचं टपाल दोन्ही बाजूंनी वाहत होतं. मात्र आज ज्या छापील पत्राबद्दल बोलायचं आहे, ते बहुतांशी टाइपरायटर परवडणाऱ्या मध्यमवर्गाचं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

दुसरा मुद्दा यंत्रांचा. इथे जरा रेंगाळायचं आहे, कारण मजा यातच आहे.

युद्धाने अमेरिकन घरांना एक विलक्षण सवय लावली होती: आपलं पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रातून जाणार, ही. १९४२ च्या जूनपासून ‘व्ही-मेल’ सुरू झालं. ठरावीक छापील कागदावर पत्र लिहायचं, सेन्सॉर ते वाचणार, मग त्याचा सूक्ष्मचित्रफितीवर फोटो निघणार, ती फीत विमानाने समुद्रापार जाणार आणि तिथे त्याची लहानशी प्रत काढून शिपायाच्या हातात पडणार. दीड लाख पत्रांना एरवी ३७ पोती लागायची, ती अशा रीतीने एका पोत्यात मावायची. मूळ कागद आईच्या हातचा. मुलाला मिळायचा त्याचा तळहाताएवढा फोटो. कुणी तक्रार केल्याचं फारसं ऐकिवात नाही. युद्ध संपलं, १९४५ च्या नोव्हेंबरात ही सोय बंद झाली. पण पत्राची नक्कल हेही पत्रच असतं, हे लोकांच्या अंगवळणी पडून गेलं होतं.

मग आलं सायक्लोस्टाइल. सभागृहात पन्नाशीच्या पुढची बरीच मंडळी दिसताहेत. त्यांना शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आठवत असतील. तेच हे यंत्र. लंडनमध्ये बस्तान बसवलेल्या डेव्हिड गेस्टेटनर या हंगेरियन माणसाचं. अमेरिकेत शिकागोच्या ए. बी. डिक यांनी एडिसनच्या पेटंटांवरून १८८७ साली ‘मिमिओग्राफ’ नावाने असंच यंत्र बाजारात आणलं. मेण चढवलेला पातळ स्टेन्सिलचा कागद टाइपरायटरला लावायचा. रिबन बाजूला सारायची, म्हणजे अक्षराचा खिळा थेट कागदावर आपटून मेण कापतो. फार जोरात आपटला तर ‘ओ’ या अक्षराच्या मधला गोल तुकडाच गळून पडे आणि छपाईत तिथे काळा ठिपका उमटे. चूक झाली तर नेलपॉलिशसारख्या वासाचं द्रव्य लावून ती बुजवायची, वाळेपर्यंत फुंकर घालायची आणि पुन्हा त्याच जागी नेमका खिळा आपटायचा. हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलं झोपल्यावर.

आणि यंत्र कुठलं? घरी थोडंच असणार! चर्चच्या कचेरीत असे, शाळेत असे, नवऱ्याच्या ऑफिसात असे. रविवारच्या प्रार्थनेचं पत्रक जिथे निघायचं, तिथेच डिसेंबरच्या आरंभी घरची खबरबातही निघायची. शाळेत दुसऱ्या जातीचं यंत्र असे, स्पिरिटवर चालणारं. त्याची अक्षरं जांभळी आणि ताज्या प्रतीला तो सुप्रसिद्ध वास. या जांभळ्या प्रती एका मास्टरवरून शंभराच्या आत-बाहेर निघत आणि उजेडात ठेवल्या की विटत. मिमिओग्राफची काळी शाई मात्र टिकाऊ. म्हणजे साठ-सत्तर वर्षांनी अभ्यासकाच्या हाताला कुणाच्या घरची हकीकत लागणार, हे बाईची ओळख चर्चच्या कारकुनाशी होती की शाळेतल्या मास्तरीणबाईंशी, यावर ठरलं! इतिहासाच्या साधनांची ही अशी तऱ्हा.

१९५९ साली झेरॉक्स कंपनीने ‘९१४’ हे यंत्र काढलं. साध्या कागदावर मिनिटाला ७ प्रती. आता स्टेन्सिल कापायला नको, शाईने हात बरबटायला नको. साठच्या दशकात ऑफिसांतून हे यंत्र जसजसं पसरलं, तसतसं नाताळचं पत्रही पसरलं.

टपालाच्या दराचाही यात हात होताच. साध्या पत्राला १९३२ पासून ३ सेंट पडत, ते थेट १९५८ च्या ऑगस्टपर्यंत तेवढेच राहिले. मग ४ झाले. नुसतं कार्ड उघड्या पाकिटात, सही करून टाकलं तर त्याहूनही स्वस्तात जाई. त्यामुळे पाकीट बंद करायचं की उघडं ठेवायचं, हा प्रश्न घरोघर असे. उघडं ठेवलं तर सेंट वाचतो, पण आत दोन ओळींची खुशाली घालायची सोय नाही. खुशाली घालायची तर पूर्ण दर द्या. आणि पूर्ण दर द्यायचाच, तर आत एक कागद जास्त घातला म्हणून काय बिघडलं? आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीने हाच हिशेब केला असता.

नाताळसाठी खास टपाल तिकीट अमेरिकेत पहिल्यांदा १९६२ साली निघालं. ४ सेंटांचं, त्यावर हिरवं तोरण आणि दोन मेणबत्त्या. खात्याने ३५ कोटी छापली होती. ती हां हां म्हणता संपली, आणि वर्षअखेरपर्यंत छपाई १०० कोटींवर न्यावी लागली. पुढच्याच वर्षी जुलैत झिप कोड आला आणि घरोघरच्या पत्त्यांच्या वह्या पुन्हा लिहाव्या लागल्या. कुणी लिहिल्या? येऊ तिकडे.

इथे कुणी विचारील, फोन नव्हता का? होता की. १९५१ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या महापौरांनी ऑपरेटरच्या मदतीशिवाय आकडे फिरवून थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या अलामेडाच्या महापौरांशी बोलून दाखवलं. पण महापौरांचं बिल महापालिका भरते. साध्या घराला दूरचा फोन म्हणजे तीन मिनिटांचा मामला, तोही घड्याळाकडे बघत. १९५६ साली अटलांटिकच्या तळातून पहिली टेलिफोन केबल गेली, तेव्हा न्यूयॉर्क ते लंडन तीन मिनिटांना १२ डॉलर पडत आणि एका वेळी ३६ संभाषणं मावत. अख्ख्या दोन खंडांत मिळून छत्तीस! लोकांनी त्यातही पळवाट काढली होती. ठरावीक माणसाच्या नावाने कॉल लावायचा, समोरच्याने ‘तो घरी नाही’ म्हणायचं, पैसे पडत नाहीत आणि पोरगा सुखरूप पोचला हे घरी कळतं. आपल्याकडे ट्रंक कॉलच्या जमान्यात ‘पी. पी.’ कॉल होता. ही युक्ती आपल्या लोकांना सुचली नसेल, असं वाटत नाही.

आवाज पाठवायचे दुसरेही मार्ग होते. रेल्वे स्थानकांवर, जत्रेच्या मैदानांवर ‘व्हॉइस-ओ-ग्राफ’ नावाची लाकडी खोकी असत. आत शिरायचं, नाणी टाकायची, मिनिटभर बोलायचं आणि एक छोटी ध्वनिमुद्रिका हातात. ती टपालाने घरी. ज्यांनी अशा मुद्रिका ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की त्यातला निम्मा वेळ ‘काय बोलू?’ यातच गेलेला असतो.

ब्रिटनमध्ये याहून गमतीची गोष्ट घडली. जर्मनीत ठेवलेल्या ब्रिटिश फौजा आणि मायदेशातली घरं यांना जोडणारा ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ हा कार्यक्रम बीबीसीने १९४५ साली सुरू केला. रविवारी दुपारी, घराघरात मांस भाजल्याचा वास सुटलेला असताना, लंडन आणि हॅम्बर्ग एकाच वेळी बोलत. अमक्याला त्याच्या आईकडून हे गाणं, तमक्या पलटणीतल्या तमक्याला त्याच्या धाकट्या बहिणीकडून ते. आपल्या घरची गोष्ट लाखो अनोळखी लोकांदेखत सांगायची आणि तरी ती आपलीच राहायची! लंडनहून जीन मेटकाफ बोलत आणि हॅम्बर्गहून क्लिफ मिशेलमोर. दोघांची ओळख आधी नुसत्या आवाजाची. १९५० साली त्यांनी लग्न केलं. म्हणजे सगळ्या देशाची खबरबात पोचवता पोचवता या दोघांनी आपलीही उरकून घेतली.

आता तिसरा मुद्दा. त्या पत्रात असायचं काय?

या पत्राला आधीची एक परंपरा होती, ती फिरत्या पत्राची. चार भावंडं चार गावी. थोरला पत्र लिहून दुसऱ्याला धाडतो, दुसरा त्यात आपलं घालून तिसऱ्याला. पाकीट फिरून थोरल्याकडे आलं की तो आपला जुना कागद काढतो, नवा घालतो आणि पुन्हा पुढे. आमिश लोकांत ही चाल अजून आहे. त्यांच्या आणि मेनोनाइटांच्या वस्त्यांसाठी ओहायोतल्या शुगरक्रीकहून १८९० पासून ‘द बजेट’ नावाचं एक वर्तमानपत्र निघतं. गावोगावचे लेखक त्यात पत्रं पाठवतात: पाऊस किती झाला, कुणाकडे पाहुणे आले, कुणाला मूल झालं. बातमी म्हणजे हीच, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आणि त्यांना हसायचं कारण नाही.

फिरत्या पत्रात एक सोय होती. प्रत्येक जण उत्तर देत असे. छापील पत्रात ती गेली. इथे एक बोलणार, पाच-पन्नास ऐकणार. काकू, शाळेतली मैत्रीण, जुना शेजारी आणि नवऱ्याचा साहेब, सगळ्यांना एकच मजकूर. आता साहेबाला चालेल आणि काकूला पुरेल, असा मजकूर कुठला? हीच तर अडचण! मग पत्र आपोआप एका साच्यात बसू लागलं. आरंभी ‘वर्ष कसं गेलं कळलंच नाही’. मग नवऱ्याची बढती. मग मुलं, वयाच्या क्रमाने, प्रत्येकाला एक परिच्छेद. मग मोटारीने केलेली सहल. मग कुत्रा. शेवटी सगळ्यांना शुभेच्छा.

यावर टिंगल झाली नसती तरच नवल. शिकागोहून १९५५ पासून अ‍ॅन लँडर्स या नावाने सल्ल्याचं सदर लिहिणाऱ्या बाईंकडे वाचक या पत्रांबद्दल तक्रारी करत. ब्रिटनमध्ये ‘गार्डियन’चे सायमन हॉगर्ट यांनी वाचकांकडून अशी पत्रं मागवून, त्यातल्या निवडक नमुन्यांचं ‘द कॅट दॅट कुड ओपन द फ्रिज’ हे पुस्तकच २००४ साली काढलं. फ्रिज उघडणारी मांजर! नावातच सगळं आलं. पुस्तक वाचताना हसून पुरेवाट होते, हे कबूल केलं पाहिजे.

पण हसण्याआधी एक तारीख बघावी. १९५२. त्या वर्षी अमेरिकेत पोलिओच्या सुमारे ५८ हजार रुग्णांची नोंद झाली. पोहण्याचे तलाव बंद, मुलांना सिनेमाला पाठवायची भीती. साल्क यांची लस गुणकारी ठरल्याचं जाहीर झालं ते १९५५ च्या एप्रिलमध्ये. मग १९५२ च्या डिसेंबरात एखाद्या आईने ‘मुलं ठणठणीत आहेत’ एवढं वाक्य टाइप केलं असेल, तर ती फुशारकी म्हणायची का? लांबच्या आजीने सबंध पत्रातलं तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं असेल. त्याच काळात कोरियात युद्ध चालू होतं. ‘धाकट्याला अजून बोलावणं आलेलं नाही’ हेही साधं वाक्य नव्हे.

आणि जे लिहिलं नाही त्याचं काय? बेटी फ्रीडन यांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९५७ साली त्यांच्या स्मिथ कॉलेजच्या वर्गाचं पंधरा वर्षांनंतरचं स्नेहसंमेलन होतं. त्यासाठी त्यांनी वर्गमैत्रिणींना एक प्रश्नावली पाठवली: आयुष्यात समाधानी आहात का, काय राहून गेलं, वगैरे. सुमारे २०० जणींनी उत्तरं दिली. उपनगरांतली चांगली घरं, कमावते नवरे, गुटगुटीत मुलं, आणि तरी काहीतरी हुकलंय हे कळतं पण सांगता येत नाही. त्या उत्तरांतून पुढे १९६३ साली ‘द फेमिनिन मिस्टिक’ हे गाजलेलं पुस्तक उभं राहिलं. आता गंमत बघा. याच पिढीतल्या, याच थरातल्या बाया डिसेंबरात ‘वर्ष छान गेलं’ म्हणून पत्रं टाइप करत होत्या. दोन्ही कागद टपालानेच गेले. एकात प्रश्न विचारला गेला होता, दुसऱ्यात नव्हता. मग खोटं कुठलं? प्रस्तुत वक्त्याच्या मते कुठलंच नाही. नवऱ्याच्या साहेबाला आणि पंच्याहत्तरीच्या आत्याला जाणाऱ्या कागदावर मनातली खळबळ मांडायची नसते, एवढा पोच त्या बायकांना होता.

आपल्याकडे तर वाईट बातमीचा मामला पत्र उघडण्याआधीच निकाली निघायचा. कार्डाचा कोपरा फाटलेला असला की बायका अंगणातच बसकण मारायच्या, आणि कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं असलं की पोस्टमनला गूळ-पाणी. नाताळच्या छापील पत्राला असा कोपराच नव्हता. त्या वर्षी घरात मृत्यू झाला असेल, तर तोही बढती आणि सहल यांच्या मध्ये कुठेतरी दोन ओळींत बसवावा लागे. ही त्याची खरी उणीव म्हणावी. फुशारकी ही नव्हे.

नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठात संज्ञापनशास्त्र शिकवणाऱ्या अ‍ॅन बर्नेट यांनी साठच्या दशकापासूनची अशी पत्रं गोळा केली. त्यांना आढळलं, की जुन्या पत्रांत लोक देवाचे आभार मानून खुशाली सांगतात. पुढे पुढे मात्र ‘धावपळ’, ‘दगदग’, ‘वेळच नाही’ या शब्दांचा सुकाळ होतो. दगदगीचीही फुशारकी मारता येते, हा शोध नंतरच्या पिढ्यांचा.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढा पसारा मांडला.

त्या काळात अमेरिकन दुकानांत एक छोटी वही मिळत असे, नाताळच्या कार्डांच्या हिशेबाची. डाव्या हाताला नाव आणि पत्ता. उजवीकडे वर्षांचे रकाने आणि प्रत्येक वर्षाखाली दोन बारीक उपरकाने: ‘पाठवलं’ आणि ‘आलं’. त्यात बरोबरच्या खुणा. आपली लग्नातली आहेराची वहीच म्हणा ना, फक्त दर वर्षी भरायची. एखाद्या नावापुढे ‘पाठवलं’च्या खाली सलग तीन खुणा आणि ‘आलं’चा रकाना कोरा. आता चौथ्या वर्षी काय करायचं? एखाद्या पत्त्यावर काट मारून वर नवा पत्ता, त्यावर पुन्हा काट, तिसरा पत्ता समासात. नवराबायकोच्या जोडनावातलं एकच नाव खोडलेलं. तो गेला की सोडून गेला, ते वहीत लिहिलेलं नसतं, पण वही ठेवणारीला ठाऊक असतं. ही वही कुठल्याही घरात नवऱ्याच्या टेबलात सापडत नाही.

मिकाएला दि लिओनार्डो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास केला. १९८७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. तो आज अभिजात मानला जातो. त्यांचं म्हणणं साधं आहे. घरकाम हे काम आहे, मूल वाढवणं हे काम आहे, हे आता कुठे जग मान्य करतंय. तसंच कार्डं पाठवणं, फोन करणं, सणाचं जेवण कुणाकडे ते ठरवणं, कुणाशी संबंध वाढवायचा आणि कुणाशी आटोपता घ्यायचा याचा विचार करणं, हेही कामच आहे. त्याला वेळ लागतो, डोकं लागतं आणि ते बाया करतात. नुसतं माहेरचं करत नाहीत; सासरचंही त्याच करतात. नवऱ्याच्या मावशीचा वाढदिवस नवऱ्याला माहीत नसतो. घटस्फोट झाला किंवा बायको गेली, की त्या पुरुषाचे नातेवाईक हळूहळू तुटतात. रक्ताचं नातं त्याचं, पण ते वाहतं ठेवणारी दुसरीच.

हे काम म्हणून न दिसण्याचं कारण म्हणजे ते सणात दडलेलं असतं. सणाला काम म्हटलं की आपल्याला कसंसंच होतं. ते किती चोख होत असे, त्याचं उदाहरण युटातल्या प्रोव्हो गावचं. समाजशास्त्रज्ञ फिलिप कुन्झ यांनी सत्तरच्या दशकात, पत्त्यांच्या याद्यांतून नावं काढून, शेकडो अगदी अनोळखी घरांना नाताळची कार्डं धाडली. परत कार्डांचा ओघ सुरू झाला. काहींनी पानंपानं लिहून घरची हकीकत कळवली, मुलांचे फोटो धाडले. हा कोण कुन्झ, असं विचारणारे थोडेच. कार्ड आलं ना, मग ‘आलं’च्या रकान्यात खूण करा आणि ‘पाठवलं’ची तजवीज करा!

महाराष्ट्राचा संबंध इथे सरळ लागतो. १९५० च्या २ ऑक्टोबरला आपल्या टपाल खात्याने अंतर्देशीय पत्र आणलं, आणि गिरणगावातल्या चाकरमान्यांपासून सरकारी बदलीच्या नोकरदारांपर्यंत सगळ्यांना ते सोयीचं झालं. दिवाळीच्या शुभेच्छांची तार करायची तर तारखात्याने मजकुरांना क्रमांक दिलेले होते. पहिला क्रमांक दिवाळीचाच. १९६५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा नवा स्थलांतर कायदा झाला. मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले, आणि निळ्या एरोग्रामच्या घड्यांतून दादर, पुणे, सांगली इथे खुशाली येऊ लागली. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ निघालं, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ. म्हणजे नाताळच्या छापील पत्रांच्या देशातच आपली माणसं दिवाळीची पत्रं लिहीत बसली.

पण आपल्या त्या पत्रांत एक फरक होता आणि तो डोळ्यांत भरणारा आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी अंतर्देशीय पत्रं असतील तर काढून बघावीत. मायना पुरुषाचा. ‘ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.’ म्हणून सुरुवात, पगार, बदली, हवापाणी, मनीऑर्डर पोचल्याचं कळवणं, ‘लोभ आहेच, तो वाढावा’ आणि झोकदार सही. मग सहीच्या खाली, किंवा जागा संपली म्हणून कडेच्या समासात, पत्र आडवं धरून वाचावं लागेल अशा बारीक अक्षरात दोन-तीन ओळी. त्या बाईच्या. ‘आईंना गुडघ्याला तेल लावायला सांगा. बेबीचा दात पडला. वन्संना बाळंतपणाला केव्हा नेणार ते कळवा. डिंकाचे लाडू पाठवत्ये.’ सबंध पत्रातली बातमी म्हणावी अशी बातमी त्या समासात आहे.

अमेरिकन बाईला सगळं पान मिळालं होतं, आपलीला समास. तरीही त्या पानावर तिने स्वतःला कुठे बसवलं, ते पाहण्यासारखं आहे. पत्र बहुधा ‘आम्ही’ने चालतं, आणि तिच्यावर आलं की पुष्कळदा तृतीयपुरुषी होतं, जणू लिहिणारी दुसरीच कुणी आहे: ती यंदा शाळेच्या पालक संघात होती, तिने पडदे शिवले, ती मजेत आहे. नवऱ्याला वरचा परिच्छेद, मुलांना एकेक, कुत्र्यालाही चार ओळी आणि तिला त्या मागोमाग एक. सहीत नाव नवऱ्याचं आधी, तिचं नंतर. मग ती कागदांच्या घड्या घालायची, पाकिटं भरायची, जे जवळचे त्यांच्या प्रतीवर खाली पेनाने आणखी दोन ओळी खरडायची. त्या पेनाच्या ओळी कुणाला मिळाल्या आणि कुणाला नाही, यावरून त्या कुटुंबाचा खरा नकाशा काढता येईल. आणि असं काम कुणी मराठी एरोग्रामांच्या समासांवरही हाती घेतलं, तर सामग्री अजून घरोघरच्या ट्रंकांमध्ये पडून आहे.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. पहिला प्रश्न मागच्या बाजूला बसलेल्या भगिनींकडून यावा.